न सुटणारा नट

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीतली गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी संध्याकाळी घरी आला. बारावीनंतर त्याने मोटार दुरुस्तीचे शिक्षण घेतले आणि आता त्याचे स्वतःचे छोटेसे गॅरेज आहे. चहा होईपर्यंत तो काही बोलला नाही. मग त्याने खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि माझ्यासमोर टेबलावर सोडली. आत तुटलेल्या स्टडचा एक तुकडा होता आणि त्यावर गंजलेला नट घट्ट बसलेला होता. स्टड म्हणजे डोके नसलेला, दोन्ही टोकांना आटे असलेला बोल्ट.

"सर," तो म्हणाला, "तापवल्यावर धातू प्रसरण पावतो, हे तुम्हीच शिकवलंत. टर्बोचा नट सुटेना म्हणून मी तो लालबुंद होईपर्यंत तापवला. नट सैल व्हायला हवा होता ना? मग स्टडच कसा तुटला?"

गाडी गिऱ्हाइकाची होती. चारपैकी दोन नट निघाले, तिसऱ्याचा स्टड तुटला आणि चौथ्याला हात लावायचा त्याला धीर होत नव्हता. तुटलेले टोक बिडाच्या भागात रुतून बसले होते. तो भाग नवा घ्यावा लागला, तर त्याची महिन्याची कमाई जाणार होती. त्याने पाठ केलेला नियम बरोबर होता. तरीही काम फसले होते. असे का झाले, ते आज आपण पाहू. नट आवळणे आणि नट सोडवणे या दोन्ही गोष्टी दिसतात साध्या, पण प्रसरण, स्थितिस्थापकता आणि घर्षण ही तिन्ही प्रकरणे त्यांत एकत्र येतात.

तिथे एवढी उष्णता कशाला?

इंजिनात इंधन जळल्यावर उरलेला तप्त वायू बाहेर जाताना बरीच ऊर्जा बरोबर नेतो. तिचा काही भाग कामाला लावावा, ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याची. तिचे पेटंट १९०५ सालचे आहे. बाहेर जाणारा वायू एक छोटे पंख्यासारखे चाक फिरवतो. त्याच दांड्यावरचे दुसरे चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. जास्त हवा आली की जास्त इंधन जाळता येते आणि लहान इंजिनातूनही मोठी शक्ती मिळते. हाच टर्बोचार्जर. १९६२ साली अमेरिकेत टर्बो बसवलेल्या पहिल्या मोटारी विक्रीस आल्या. आज आपल्याकडे एक लिटरच्या पेट्रोल इंजिनालाही टर्बो असतो.

पूर्ण जोरात चालणाऱ्या पेट्रोल इंजिनाचा वायू टर्बोत शिरताना ९०० अंश सेल्सिअसच्या पुढे असू शकतो. डिझेल इंजिनात हा आकडा शेदीडशे अंशांनी कमी असतो. इंजिनातून निघणारे वायूचे मार्ग एकत्र करणारा भाग म्हणजे मॅनिफोल्ड. मॅनिफोल्ड आणि टर्बो यांच्या जाड कडा, म्हणजे फ्लँज, एकमेकींवर ठेवून स्टड आणि नट यांनी आवळलेल्या असतात. गाडी चालू झाली की हा सांधा काही मिनिटांत चारशे-पाचशे अंशांपर्यंत तापतो आणि बंद केली की पुन्हा थंड होतो. पावसाळ्यात त्यावर पाणी उडते. वर्षानुवर्षे हेच चालते.

हा सांधा सैल पडला तर टर्बोपर्यंत पोहोचण्याआधीच वायू गळतो, शक्ती घटते आणि सांध्यातून फटफट आवाज येऊ लागतो. त्याहून वाईट म्हणजे त्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. तो वासाने कळत नाही. तो गाडीत शिरला, तर जिवावर बेतू शकते.

बोल्ट ही एक स्प्रिंग आहे

नट आवळला म्हणजे नेमके काय केले? पुष्कळांना वाटते की बोल्टने दोन वस्तू नुसत्या अडकवून ठेवल्या. खरे पाहता आवळताना बोल्ट ताणला जातो. ताणलेली स्प्रिंग जशी मिटू पाहते, तसा तोही आखडू पाहतो आणि त्या ओढीने दोन्ही फ्लँज एकमेकींवर दाबल्या जातात. रॉबर्ट हूकने १६७८ साली प्रसिद्ध केलेला नियम इथे जसाच्या तसा लागू पडतो.

थोडा हिशेब करू. आठ मि.मी. व्यासाचा, ८.८ वर्गाचा बोल्ट घ्या. हा आकडा बोल्टच्या डोक्यावर कोरलेला असतो. त्यातला पहिला ८ सांगतो की हे पोलाद दर चौरस मि.मी.ला ८०० न्यूटन ताणाला तुटेल. दुसरा ८ सांगतो की त्याच्या ०.८ पट, म्हणजे ६४० न्यूटनला ते कायमचे लांबेल. आट्यांची खोली वजा जाता या बोल्टचे उपयोगी क्षेत्रफळ ३६.६ चौरस मि.मी. असते. तो नीट आवळला तर त्यात सुमारे १६,००० न्यूटन ओढ निर्माण होते. म्हणजे करंगळीहून बारीक असा हा बोल्ट दीड टनाहून जास्त वजन पेलण्याइतका ताणलेला असतो.

यात तो किती लांबला? दर चौरस मि.मी.ला ताण १६,००० ÷ ३६.६ = ४३७ न्यूटन. पोलादाचा यंग गुणांक सुमारे २,०५,०००. आवळलेल्या भागाची लांबी ३० मि.मी. धरली, तर

लांबीतील वाढ = (४३७ ÷ २,०५,०००) × ३० = ०.०६४ मि.मी.

ही वाढ डोक्याच्या केसाच्या जाडीएवढी आहे. सगळा सांधा या केसभर ताणावर उभा असतो. हा आकडा लक्षात ठेवा, तो आपल्याला लगेच लागणार आहे.

तापल्यावर कोण किती वाढतो?

साध्या पोलादाचा आणि बिडाचा रेषीय प्रसरणांक अंशाला अंदाजे ०.००००१२ असतो. भांड्यांना वापरतात तसल्या स्टेनलेस स्टीलचा सुमारे ०.००००१७. फरक फक्त ०.०००००५. तो क्षुल्लक वाटतो, पण सांधा ४०० अंशांनी तापला की ३० मि.मी. लांबीत पडणारे अंतर पाहा:

०.०००००५ × ३० × ४०० = ०.०६ मि.मी.

बोल्ट ताणला गेला होता तेवढाच हा आकडा आहे! आता समजा, बिडाच्या फ्लँजना कोणी गंजू नये म्हणून चकचकीत स्टेनलेसचे बोल्ट लावले. तापल्यावर बोल्ट फ्लँजपेक्षा ०.०६ मि.मी. जास्त लांबेल आणि त्यातली जवळजवळ सगळी ओढ नाहीशी होईल. थंड गाडीत घट्ट वाटणारा सांधा घाटात चढताना गळू लागेल.

उलट प्रकारही होतो. मॅनिफोल्ड स्टेनलेसचा आणि स्टड साध्या पोलादाचा असेल, तर फ्लँज जास्त फुगते आणि स्टडला आणखी ताणते. फ्लँज अजिबात दबत नाही असे मानले तर स्टडमधला ताण जवळपास दुप्पट होतो. तो ६४० ची मर्यादा ओलांडतो आणि स्टड कायमचा लांबतो. थंड झाल्यावर नट सैल! मिस्त्री म्हणतो, "इंजिनाच्या हादऱ्याने सैल झाला." प्रत्यक्षात तो उष्णतेने सैल झालेला असतो.

मग निवड कशी करावी?

पहिला नियम तर आपण आकडेमोडीतूनच काढला. ज्याला आवळायचे आणि ज्याने आवळायचे, त्या दोघांचे प्रसरणांक शक्यतो जवळचे असावेत. दुसराही त्याच आकडेमोडीत आहे. स्टडची लांबी दुप्पट केली, तर त्याच ताणाला तो दुप्पट लांबतो. म्हणून काही इंजिनांत नटाखाली पोलादी नळीचा तुकडा घालून लांब स्टड वापरतात. मग प्रसरणातल्या थोड्याफार फरकाने ओढ नाहीशी होत नाही.

तिसरी गोष्ट पोलादाच्या जातीची. पुष्कळांना वाटते, १२.९ वर्गाचा बोल्ट सर्वांत मजबूत, म्हणून तोच एक्झॉस्टला लावावा. पण या बोल्टांची मजबुती पाणी देऊन, म्हणजे तापवून एकदम थंड करून, आणि मग बेताने पुन्हा तापवून आणलेली असते. हे दुसरे तापवणे साधारण चारशे-सव्वाचारशे अंशांच्या पुढचे असते. सांधाच तेवढा तापू लागला, तर दिलेले पाणी हळूहळू उतरते. शिवाय अशा उष्णतेत ताणलेले पोलाद फार सावकाश लांबत राहते आणि ओढ कमी होते. त्यामुळे गरम जागी उष्णता सोसणारे क्रोमियम-मॉलिब्डेनमचे पोलाद वापरतात. अगदी कठीण जागी निकेलची इन्कोनेलसारखी मिश्रधातू वापरतात. ती महाग असते, पण तिचा प्रसरणांक साध्या पोलादाच्या जवळचा आहे.

चौथी गोष्ट वरवरची दिसते, पण महत्त्वाची आहे. बाजारात मिळणाऱ्या पांढऱ्या चकचकीत नट-बोल्टांवर जस्ताचा मुलामा असतो. जस्त ४२० अंशांना वितळते. वितळलेले जस्त ताणाखालच्या पोलादात शिरून त्याला तडे पाडू शकते. आत नायलॉनचे कडे असलेला नटही इथे चालत नाही, कारण नायलॉन त्याच्या कितीतरी आधी वितळते. स्प्रिंग वायसरही गरम होऊन आपला ताठपणा गमावतो. म्हणून एक्झॉस्टला तोंडाशी किंचित चेपलेला, संपूर्ण धातूचा नट घेतात. त्यावर अनेकदा तांब्याचा मुलामा असतो. तांबे १,०८५ अंशांना वितळते आणि पोलादाला चिकटून बसत नाही.

शेवटी, नट आणि स्टड दोन्ही स्टेनलेसचे नसावेत. स्टेनलेसचे रक्षण त्यावरचा क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर करतो. आवळताना हा थर खरवडला जातो, दोन्हीकडचा उघडा धातू एकमेकांना भिडतो आणि जागच्या जागी जोडला जातो. असा नट गंज नसतानाही अडकतो. आट्यांना निकेलची किंवा तांब्याची पूड असलेला, उष्णता सोसणारा लेप लावला तर हे टळते. मात्र लेपाने घर्षण कमी होते. तेवढ्याच जोराने आवळले तर बोल्ट जास्त ताणला जातो, कधी एक तृतीयांशाने जास्त. म्हणून लेप लावायचा की नाही आणि किती आवळायचे, हे त्या गाडीच्या पुस्तिकेत पाहूनच ठरवावे.

नट अडकतो म्हणजे काय होते?

लोखंड गंजले की गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा लागते. आट्यांमधली फट मि.मी.च्या काही शतांशांची असते. गंजाने ती भरते आणि तरीही तो वाढू पाहतो. म्हणजे नट आणि स्टड यांच्यामध्ये जणू असंख्य सूक्ष्म पाचरी ठोकल्या जातात.

अशा वेळी लांब पाना घेऊन जोर लावण्याचा मोह होतो. पण पीळ सोसण्याची शक्ती व्यासाच्या घनावर अवलंबून असते. आठ मि.मी.चा ८.८ वर्गाचा स्टड सुमारे ४० न्यूटन-मीटर पिळाला तुटतो. ३० सें.मी. लांबीच्या पान्यावर १४ किलोचा जोर दिला की एवढा पीळ होतो. धडधाकट माणूस याहून जास्त जोर सहज लावतो. दहा मि.मी.चा स्टड मात्र जवळजवळ दुप्पट पीळ सोसतो.

भोक मोठे होते की लहान?

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू. नट तापवला तर त्याचे भोक मोठे होईल की लहान? वर्गात विचारले की निम्मी मुले म्हणतात, "धातू आतल्या बाजूनेही फुगेल, म्हणून भोक लहान होईल." खेड्यातला लोहार हे ऐकून हसेल. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवताना तो ती गोवऱ्यांच्या जाळात तापवतो, मग ती लाकडी चाकावर सहज बसते आणि पाणी ओतले की आवळते. तापलेली वस्तू फोटो मोठा करावा तशी सर्व बाजूंनी मोठी होते आणि भोकही त्याच प्रमाणात वाढते.

आठ मि.मी. भोकाचा नट आतल्या स्टडपेक्षा २०० अंशांनी जास्त तापला, तर

८ × ०.००००१२ × २०० = ०.०१९ मि.मी.

एवढी मोकळीक मिळते. गंजाची पकड मोडायला ती बहुधा पुरते. पण वाक्यातले "स्टडपेक्षा जास्त" हे शब्द पुन्हा वाचा. नट आणि स्टड दोन्ही सारखेच तापले, तर दोन्ही सारखेच फुगतील आणि मोकळीक शून्य. माझ्या विद्यार्थ्याने मोठ्या ज्योतीने सगळा सांधा पाच-सात मिनिटे भाजला होता. पोलादातून काही मि.मी. अंतर कापायला उष्णतेला काही सेकंद पुरतात. त्यामुळे स्टडही नटाएवढाच लाल झाला होता.

दुसरी चूक त्याहून मोठी. पोलाद अंधारात मंद लाल दिसू लागते ते सुमारे ५२५ अंशांना. दिवसाउजेडी लाल दिसले तर ते त्याहून बरेच वर गेलेले असते. सातशे अंशांच्या आसपास साध्या पोलादाची शक्ती चौथ्या हिश्श्याजवळ येते. थंडपणी ४० न्यूटन-मीटर सोसणारा स्टड मग १० ला तुटतो. त्याच पान्यावर साडेतीन किलोचा जोर पुरे! नियम चुकला नव्हता. नियमातला "तापमानातील फरक" तो विसरला होता.

सोडवण्याचा क्रम

१. गाडी पूर्ण थंड असावी. ती नुसत्या जॅकवर उचलून खाली कधीही शिरू नये. स्टँड हवेतच. डोळ्यांवर चष्मा हवा.

२. आटे तारेच्या ब्रशने साफ करून गंजात मुरणारे तेल सोडावे. ते केशाकर्षणाने फटीत शिरते आणि त्याला वेळ लागतो. रात्रभर थांबणे चांगले. तापलेल्या एक्झॉस्टवर तेल मारणे म्हणजे आगीला आमंत्रण.

३. नटाला सहाही बाजूंनी नीट बसणारा सहाकोनी पाना घ्यावा. सैल पान्याने नटाचे कोपरे झिजतात आणि पुढचे सगळे मार्ग बंद होतात.

४. नटावर हातोडीने हलके ठोके द्यावेत. मग आधी किंचित आवळावे, नंतर सोडावे. तो हलला की थोडे पुढे, थोडे मागे करावे म्हणजे गंजाचा चुरा पडतो. एकाच दिशेने ओढत राहिले तर तोच चुरा पुढे जाऊन पाचर होतो.

५. तरी न सुटल्यास तेल पुसून फक्त नट झपाट्याने तापवावा. ज्योत बारीक आणि प्रखर असावी. इंधनाची, तेलाची नळी आणि वायरी जवळ असतील तर ज्योत वापरूच नये. तिथे नटाभोवती तारेचे वेटोळे बसवून प्रवर्तनाने तापवणारे साधन वापरतात. फॅरेडेने १८३१ साली शोधलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तनच तिथे कामाला येते. नटात भोवरी प्रवाह वाहतात आणि ज्योतीशिवाय तो तापतो. मुलामा असलेला नट तापवताना निघणारा धूर हुंगू नये.

६. लाल झालेला नट पिळू नये. लाली जाऊ द्यावी. तापताना आणि निवताना नट व स्टड यांच्यात जो फरक पडतो, त्यानेच गंज तडकतो. घाईने पाणी मात्र ओतू नये, बिडाला तडा जातो.

७. एवढे करूनही नट हलला नाही, तर नट चिरून काढावा. दहा-वीस रुपयांचा नट गेला तरी चालेल, स्टड वाचला पाहिजे.

८. स्टड तुटलाच, तर उरलेल्या टोकावर जाणकाराकडून नवा नट वेल्डिंगने जोडून घ्यावा. त्याने धरायला जागा मिळते आणि वेल्डिंगच्या उष्णतेने स्टडची पकडही सैल होते.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या गॅरेजात गेलो. चौथ्या नटाला रात्रभर तेल दिलेले होते. नट पुसून त्याने बारीक ज्योतीने भराभर तापवला, लाली उतरेपर्यंत दम धरला आणि पाना लावला. नट हलला नाही. पुन्हा तापवला, पुन्हा थांबला. तिसऱ्या खेपेस कर्रर्र आवाज झाला आणि नट पाव फेरा फिरला. तुटलेल्या स्टडवर वेल्डिंगवाल्याने नट जोडला आणि तोही दुपारपर्यंत निघाला. बिडाचा भाग वाचला.

काढलेले नट आम्ही शेगड्यात धरून पाहिले. चारही नटांवर जस्ताचा मुलामा होता, आट्यांवर लेपाचा मागमूस नव्हता आणि एका नटात जळालेल्या नायलॉनचे काळे कडे होते. पूर्वी कोणीतरी हाताला लागले ते नट आवळून गाडी घाईने दिली होती. नवे स्टड-नट बसवताना त्याने पुस्तिका उघडली आणि टॉर्क पाना हातात घेतला. मी काही बोललो नाही. नट कसा सुटेल, याचा विचार तो बसवतानाच करायचा असतो, हे त्याला आता सांगण्याची गरज उरली नव्हती.

करून पाहा

मुरांब्याच्या काचेच्या बरणीचे पत्र्याचे घट्ट झाकण घ्या. ते फक्त झाकणापुरते गरम पाण्याच्या धारेखाली अर्धा मिनिट धरा आणि लगेच फिरवा. दुसऱ्या खेपेस संपूर्ण बरणी कोमट पाण्यात पंधरा मिनिटे ठेवून मग फिरवा. कोणत्या वेळी झाकण सहज सुटते? काचेचा प्रसरणांक ०.०००००९ धरून कारण लिहा. (काच एकदम तापवू नका.)

सोडवून पाहा

१. दहा मि.मी.च्या पोलादी स्टडवर पितळी नट आहे. पितळेचा प्रसरणांक ०.००००१९. दोन्ही सारखेच २०० अंशांनी तापले, तर मोकळीक किती मिळेल? जुन्या मोटारींच्या एक्झॉस्टला पितळी नट का लावत, हे यावरून सांगा.

२. लेखातील बोल्टची आवळलेली लांबी ६० मि.मी. असती, तर त्याच ताणाला तो किती लांबला असता?

उत्तरे: (१) ०.०१४ मि.मी. (२) सुमारे ०.१३ मि.मी.